टेल गनरचं बारसं

दिनांक: आश्विन शुद्ध पंचमी, रविवार, संध्याकाळ. स्थळ: पेण, सरांच्या घरची पुढची खोली. उपस्थित: सर; त्यांच्या पत्नी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या वहिनी; रोह्याशेजारच्या अष्टमी गावाहून आलेले गुरुजी; व्हॅनचा ड्रायव्हर जनू; आळीतल्या बोलावलेल्या आणि न बोलावता आलेल्या बायका; आणि बाळाची आत्या म्हणून मी. बाळ: वय शंभरीला टेकलेलं, मुक्काम अमेरिका, पूर्वीचा व्यवसाय बाँबफेकी विमानाच्या शेपटात बसून मशीनगन चालवणे. पाळण्यात त्याच्या वतीने सरांचा मोबाइल. अनुपस्थित: बाळाचे आईवडील, स्वर्गवासी.

ही नोंद माझ्या हातची आहे आणि तिच्यात एक अक्षर खोटं नाही. रोह्याच्या शाळेत मी हेडक्लार्क होते. जे घडलं ते त्याच दिवशी लिहून ठेवायची सवय नोकरी सुटल्यावरही सुटलेली नाही. पण नुसती नोंद वाचून माझी बहीण म्हणाली, "तुमच्या पेणला पाण्यात काय मिसळतात गो?" तेव्हा सरांबद्दल नीट सांगायला हवं.

सर आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. उंच, किडकिडीत, खिशात पेनाशेजारी शिट्टी. त्यांनी अमेरिका पाहिली नव्हती, युद्ध पाहिलं नव्हतं, आणि साठी उलटेपर्यंत विमानात पाऊलही ठेवलं नव्हतं. पण महायुद्धात बंगालमधून उडून ब्रह्मदेशातले पूल पाडायला जाणाऱ्या अमेरिकन बाँबरमध्ये कोण कुठे बसायचा, कुणाची बोटं गारठायची, परतताना कोण कुठलं गाणं म्हणायचा, हे ते अशा आवाजात सांगायचे की ती माणसं त्यांना आत्ताच मटारच्या शेंगा घेताना बाजारात भेटली असावीत.

याचं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. वडील तरुणपणी घरची शेती भावांवर टाकून बंगालमधल्या एका धावपट्टीवर रेशनच्या गोदामात कारकून म्हणून लागले. अमेरिकन वैमानिकांना जेवणात अंड्यांची पावडर मिळायची. पाण्यात कालवायची, तव्यावर टाकायची आणि डोळे मिटून गिळायची. एका विमानातल्या टेल गनरने, एडी त्याचं नाव, सरांच्या वडिलांना एकदा अक्षरशः हात जोडले. वडिलांनी जवळच्या खेड्यातल्या एका म्हातारीला गाठलं आणि त्या विमानातल्या दहाही जणांना खरी अंडी मिळू लागली. त्या बदल्यात त्यांनी वडिलांना आपल्या रांगेत उभं करून फोटो काढला. मग एके दिवशी ते विमान गेलं ते आलंच नाही. उकडून ठेवलेली अंडी तशीच राहिली. त्याच आठवड्यात वडिलांची बदली दुसऱ्या डेपोत झाली. पुढे पेणला परतल्यावर त्यांनी दर सर्वपित्रीला आपल्या पितरांच्या मागोमाग या दहा जणांनाही पाणी सोडायला सुरुवात केली. "माझ्या हातचं खाऊन गेली ती पोरं," एवढंच कारण. जाताना त्यांनी हे काम सरांवर सोपवलं.

सरांनी ते सोपवलेल्यापेक्षा फारच मोठं केलं.

आम्ही पेणहून रोह्याला जाणारे शिक्षक आणि कर्मचारी मिळून जनूची व्हॅन ठरवलेली होती. जनू धरमतरच्या खाडीकडचा, आगरी, गाडी चालवताना एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा गप्पांत. सरांनी पहिल्याच महिन्यात सगळ्यांच्या नेमणुका केल्या. जनू पायलट. माझ्या हातात कायम कागद असतो म्हणून मी नॅव्हिगेटर. ड्रॉइंगचे मास्तर खिडकीतून केळ्याची सालं टाकायचे म्हणून बाँबार्डियर, म्हणजे बाँब टाकणारा. स्वतः सर सगळ्यात मागच्या बाकावर, मागच्या काचेकडे तोंड करून, गुडघे छातीशी घेऊन. टेल गनर.

"सहा वाजता टँकर!" सर ओरडायचे. म्हणजे थेट मागून टँकर येतोय.

"सर, आता तं साडेआठ वाजलं," जनू म्हणायचा. त्याला ही पद्धत चांगली माहीत होती. पण रोज एकदा हे म्हटल्याशिवाय त्याचा दिवस सुरू व्हायचा नाही.

निघण्याआधी सर चेकलिस्ट वाचायचे. टायर, पाणी, डबे, वह्या, बाँबार्डियरची केळी. सुरुवातीला सगळे हसायचे. मी हसले नाही, कारण चेकलिस्ट चांगली होती. एका पावसाळ्यात नागोठण्याला अंबा नदी रस्त्याच्या बरोबरीने आली तेव्हा पुढच्या गाड्या पाण्यात घुसत होत्या. जनूलाही हुक्की आली. मागून सरांची शिट्टी वाजली.

"पायलट, मिशन रद्द! घरी!"

"अवो, पन रोहा त्यो समोर दिसतंय नं!"

"दिसण्याचं काय, दिसायचं त्या विमानातल्यांनाही! नेऊन सोडण्यात कसला पराक्रम? परत आणण्याचं बोल!"

आम्ही परतलो. मुख्याध्यापकांनी रजा मांडली. सरांनी रजेच्या अर्जात कारण लिहिलं, "लक्ष्यावर हवामान प्रतिकूल." तो अर्ज मी मंजूर करून घेतला, हे सांगायला हरकत नाही.

शाळेची सहल गेली की सर कधी सहलीबरोबर जायचे नाहीत. ते संध्याकाळी कुंडलिका नदीच्या पुलावर अष्टमीच्या बाजूला उभे राहायचे आणि येणाऱ्या गाड्या मोजायचे. शेवटची गाडी आली की शिट्टी. एकदा गाडी पंक्चर होऊन उशीर झाला, तर पालक शाळेत आरडाओरडा करत होते आणि सर पुलावर हूं की चूं न करता उभे. पालकांचा आवाज परवडला. सरांचं ते गप्प उभं राहणं बघवत नव्हतं.

निवृत्तीनंतर मुलाने त्यांना नागपूरच्या लग्नाला विमानाने पाठवलं. सरांनी हट्टाने शेवटची रांग मागून घेतली आणि सबंध प्रवास मान वळवून पाठीमागच्या भिंतीकडे बघत काढला. उतरताना दारातल्या वैमानिकाला त्यांनी विचारलं, "इंजिनं चार ना?" तो म्हणाला, दोन. सर घरी आल्यावर कितीतरी दिवस सांगत होते, "वहिनीसाहेब, दोन इंजिनांवर आणलंन हो आपल्याला! दोन!" बायकोला 'वहिनीसाहेब' म्हणणारे मी पाहिलेले ते एकमेव गृहस्थ. सगळं गाव तिला वहिनी म्हणतं तर मी एकट्यानेच काय घोडं मारलंय, असं त्यांचं म्हणणं.

वहिनींचा स्वतःचा या विमान प्रकरणाशी संबंध वर्षातून एकदाच यायचा, सर्वपित्रीला. खीर, वडे, आमसुलाची चटणी, कारल्याची भाजी हे घरच्या पितरांचं. क्रूसाठी सरांना याशिवाय बिनदुधाची कॉफी आणि डब्यातले पीच हवे असत.

"अंडीही ठेवायची का?" वहिनींनी पहिल्या वर्षी उपरोधाने विचारलं.

"चालेल?" सरांचा चेहरा उजळला.

"श्राद्धाच्या पानावर? मेलं, माझ्या सासूबाई उतरतील वरून!"

त्यावर तह झाला तो डब्यातल्या अननसावर, कारण पेणमध्ये पीच मिळाले नाहीत. गच्चीवर दहा पानं मांडली जात. गुरुजी नावं घेत, आणि गोत्र माहीत नाही म्हणून शास्त्राप्रमाणे प्रत्येकाला काश्यप गोत्र. काश्यपगोत्री हँक, काश्यपगोत्री एडी. सर खूश असायचे. म्हणायचे, "विमानभर सगोत्र. आपसात सोयरीक होण्याची भीतीच नाही."

आता मुख्य प्रकरण. वडिलांच्या फोटोचा रंग उडायला लागला म्हणून मी तो स्कॅन करून घेतला आणि सरांच्या परवानगीने अमेरिकेतल्या जुन्या वैमानिकांच्या एका संकेतस्थळावर टाकला. खाली सरांचा नंबर. कित्येक महिने काहीच झालं नाही. मग पितृपक्षात, त्रयोदशीच्या दिवशी, सरांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. नशिबाने मी तिथेच होते. पलीकडे एक मध्यमवयीन बाई. खाली बसलेल्या रांगेत उजवीकडून दुसरे आपले आजोबा आहेत, असं ती म्हणाली. ते सबंध आयुष्य या फोटोबद्दल बोलत, पण फोटो घरच्यांनी कधी पाहिला नव्हता.

उजवीकडून दुसरा म्हणजे एडी.

सरांनी उभं राहून, शाळेत दोन मिनिटं शांतता पाळताना करायचे तसा चेहरा करून सांगितलं, "तुमच्या आजोबांना आम्ही दरवर्षी श्रद्धांजली वाहतो."

बाई म्हणाली, "अय्या, त्यांना सांगते! आत्ता झोपलेत."

सर खाली बसले. एडी जिवंत होता. त्या दिवशी त्याला कावीळ झाली होती, तो इस्पितळात पडून होता, आणि विमान त्याच्याशिवाय गेलं होतं. बदली झालेल्या वडिलांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे बापलेकांनी मिळून एका धडधाकट माणसाला जन्मभर पिंड दिले होते.

"तब्येत कशी आहे त्यांची?" सरांनी विचारलं.

बाई म्हणाली, एरवी ठणठणीत. फक्त दरवर्षी सप्टेंबरच्या सुमाराला दम लागतो, इस्पितळात ठेवावं लागतं. आत्ताही तिथेच आहेत, आणि या खेपेला डॉक्टर फारसं चांगलं बोलत नाहीत.

फोन बंद झाला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सप्टेंबर," ते म्हणाले.

"तिकडे त्या दिवसांत हवेत परागकण असतात," मी म्हटलं. "पुष्कळांना त्रास होतो."

"पितृपक्ष! दरवर्षी आम्ही इथून ओढतोय त्याला, मॅडम! तो बिचारा तिकडे खाट धरून बसलाय! आणि ते दहावं पान, त्याचं. कावळा त्या पानाला कधी शिवला नाही, तुम्हाला आठवतं?"

"ते पान तुम्ही पत्र्याखाली ठेवता," वहिनी आतून म्हणाल्या. "कावळा काय वाकून जाईल?"

पण सर ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. जनूला फोन गेला, व्हॅन आली, आणि आम्ही अष्टमीला गुरुजींच्या घरी थडकलो. गुरुजी पितृपक्षातल्या धावपळीने मेटाकुटीला आले होते. चार घास खात होते. सरांनी तशाच स्थितीत त्यांना सगळं सांगितलं. गुरुजींनी भात संपवला, हात धुतला आणि पोथी काढली.

"आहे," ते म्हणाले. "मेला समजून ज्याचं क्रियाकर्म झालं तो जिवंत परतला, तर त्याला पुन्हा जन्माला घालायचं. जातकर्म, बारसं, सगळे संस्कार पहिल्यापासून. लग्नसुद्धा पुन्हा, त्याच बायकोशी."

"बायको गेली त्यांची," मी म्हटलं.

"मग तेवढ्यापुरता सुटला."

"आणि मुंज?" सरांनी काळजीने विचारलं.

"आधी बारशापर्यंत आणू हो. मुंजीला आठ वर्षं आहेत."

"बामन म्हंजे वकीलच," जनू दारातून म्हणाला. "कायदा हाय सगल्याला."

सर्वपित्रीला गुरुजींनी नऊ नावं घेतली आणि एडीचं गाळलं. पितरांतून नाव काढलं तो क्षण जन्मक्षण धरून त्यांनी पंचांग पाहिलं. हस्त नक्षत्र. अक्षरं पु, ष, ण, ठ.

"ठमाजी," जनूने लगेच सुचवलं.

पुरुषोत्तम ठरलं. बारसं खरं म्हणजे बाराव्या दिवशी, पण सर म्हणाले, "बारा दिवस थांबायला तो तान्हा आहे का?" तिकडे दम कमी झाला नव्हता. सर रोज नातीला फोन करत आणि कुठल्या दिशेला डोकं करून झोपलेत हेही विचारत. त्या दिवसांत ते जेवले फार कमी. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "हे बघ, मला या खुळातलं काही कळत नाही. पण त्या माणसाला काही झालं तर हे त्याच्या मागोमाग जातील. तेव्हा बारसं झोकात करायचं. काय लागेल ते लिहून काढ." मी लिहून काढलं.

पाळणा शेजारच्यांचा आणला, त्यात झोपलेल्या नातवाला उठवून. पाळण्याला झेंडूच्या माळा. आत दुपट्यावर मोबाइल. इकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. पडद्यावर नाकात नळी घातलेला, टकलावर ठिपके असलेला एक म्हातारा, मांडीवर न्याहारीचं ताट.

"कसे आहात?" सरांनी पाळण्यावर वाकून विचारलं.

म्हाताऱ्याने ताटातला पिवळा गोळा काट्याने उचलून दाखवला. "पावडर," तो म्हणाला. "अजूनही पावडर."

सर हसले. त्रयोदशीपासून पहिल्यांदाच हसले.

बारशात बाळाला पाळण्याच्या खालून आणि वरून एकीने दुसरीच्या हातात द्यायचं असतं. बायकांनी मोबाइल तसाच दिला, घेतला, दिला, घेतला. म्हाताऱ्याला पेणची फरशी, पंखा, नऊवारीच्या निऱ्या आणि जनूचं तोंड आळीपाळीने दिसलं असणार. मोबाइल सरळ झाला तेव्हा तो पलंगाची कड धरून बसला होता. नात घाबरली, पण तो म्हणाला, "याहून वाईट पायलट पाहिलेत."

"माला बोल्लं काय?" जनूने विचारलं.

मग आत्या म्हणून मी पाळण्यावर वाकले, मोबाइलच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. दोघींनी जुने हिशेब काढले असा माझा संशय आहे. म्हाताऱ्याला 'पुरुषोत्तम' म्हणता येईना. 'पुरू'वर मिटलं. घुगऱ्या वाटल्या. गुरुजी घड्याळ बघू लागले. इथे कार्यक्रम संपायला हवा होता.

पण पुरू म्हणाला, "बाबूच्या मुलाला एक विचारायचंय."

'बाबू' म्हणजे सरांचे वडील. सर मोबाइल घेऊन खिडकीशी गेले.

"मी आजारी होतो, म्हणून माझ्या जागी एक नवा आला," म्हातारा म्हणाला. "आदल्याच दिवशी तळावर पोचलेला. माझ्या खाटेजवळ येऊन म्हणाला, तुझं जाकीट देतोस का, शेपटात थंडी असते म्हणतात. मी दिलं. मला बरं नव्हतं, मी नाव विचारलं नाही. नंतर विचारायला कुणी उरलं नाही. बाबू सगळ्यांना अंडी द्यायचा. त्याने त्याला दिली असेल. त्याने नाव लिहून ठेवलंय का?"

सरांनी फोटो उलटा करून पाहिला. खरं म्हणजे पाहायची गरज नव्हती. मागची दहा नावं त्यांना पाठ होती. फोटो तर कितीतरी आधीचा.

"नाही," ते म्हणाले.

"असं मला वाटलंच होतं," म्हातारा म्हणाला. "पण तुमचा फोटो सापडला तेव्हा थोडी आशा वाटली."

सर एकदम गुरुजींकडे वळले. "आमच्याकडून एक उपाशी राहिला हो. इतकी वर्षं! जो जिवंत जेवत बसलाय, त्याला पिंड. आणि जो गेला त्याला थेंब नाही!"

"नाव माहीत नाही अशांसाठी मंत्र आहे," गुरुजी समजुतीने म्हणाले. "ज्ञात-अज्ञात सगळ्यांना एकत्र पाणी पोचतं."

"एकत्र नको. त्या विमानातसुद्धा त्याला कुणी नावाने हाक मारली नसेल. त्याला त्याच्या नावाने."

पुरू आठवडाभरात घरी गेला. सरांच्या मते बारशामुळे, नातीच्या मते नव्या औषधामुळे. माझ्या नोंदीत दोन्ही कारणं आहेत. त्यापुढचे सप्टेंबर त्याने घरीच काढले.

सर मात्र गेले. झोपेत, फारसा कुणाला त्रास न देता. मी नातीला कळवलं. दुसऱ्याच दिवशी फोन आला; पुरू चाकाच्या खुर्चीत, अंगणात, हातात पाण्याचा ग्लास. तुमच्यात काय करतात ते सांग, म्हणाला. मी सांगितलं, दक्षिणेला तोंड. त्याने नातीकडून खुर्ची फिरवून घेतली, सूर्य बघून पुन्हा थोडी फिरवून घेतली. गोत्र? मी सरांचं गोत्र सांगितलं. ते त्याला जमेना. "त्याने मला त्याच्या हिशेबात घेतलं होतं ते कुठलं?" मी म्हटलं, काश्यप. "मग तेच," म्हणाला आणि ग्लास गवतावर उपडा केला. नळी काढून ठेवायला मात्र नातीने दिली नाही.

पुढच्या सर्वपित्रीला प्रश्न आला की क्रूला पाणी कोण सोडणार. सरांचा मुलगा परदेशी. गुरुजी विचारात पडले, तर जनू आंघोळ करून, धोतर नेसून हजर. दर्भ त्याने आधीच बोटात घातला होता, चुकीच्या बोटात.

"तुझा काय संबंध रे?" गुरुजींनी विचारलं.

"मी पायलट हाय त्यांचा. सरांनीच नेमलाय. विचारा मॅडमला."

मी होय म्हटलं. वहिनी म्हणाल्या, "बसू दे त्याला, भात निवतोय." तेव्हापासून जनूच बसतो. आता पुरूही गेला. त्यालाही जनूच पाणी सोडतो, बारशाच्या नावाने, शुद्ध उच्चारात.

एडीच्या जागी गेलेल्या त्या दहाव्याचा शोध माझ्याकडे आहे. संकेतस्थळावर तीनदा निवेदन टाकून झालं. वैमानिकांच्या वारसांपैकी ज्यांनी उत्तरं दिली त्यांना काही ठाऊक नाही. तिकडच्या एका कार्यालयात जुन्या सैनिकांची माहिती मिळते असं कळलं म्हणून अर्ज केला. अर्ज परत आला. पहिल्या रकान्यात संबंधित सैनिकाचं पूर्ण नाव भरणं आवश्यक आहे. मी त्यांना लिहिलं की नाव माहीत असतं तर तुमच्याकडे आले नसते. उत्तरादाखल त्यांनी तोच कोरा अर्ज पुन्हा पाठवला. नोकरीत मी स्वतः असे अर्ज परत केलेले आहेत, तेव्हा फार बोलत नाही. आता नात म्हणते, तळावरच्या इस्पितळात काम केलेल्या एका नर्सच्या मुलीचा पत्ता लागतोय.

परवाच्या सर्वपित्रीला गच्चीवर पानं मांडली. दहावं पान वहिनींनी पत्र्याखालून काढून मध्यभागी ठेवलं. गुरुजींनी एकेक नाव घेतलं, जनूने एकेक ओंजळ सोडली. दहाव्याशी गुरुजी थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जनूनेही ओंजळ तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. बोटांतून पाणी ठिबकायला लागलं होतं.

"अजून नाही," मी म्हटलं. "नर्सच्या मुलीला फोन करायचा राहिलाय."